बंद बाटली, उघडी बाटली

शुक्रवारी सकाळी आठ वाजता श्रुतिका टेंभीपाड्याच्या बासष्ट पायऱ्या चढून आईच्या घरी पोचली. कडेवर सात महिन्यांची चिऊ, खांद्याला लॅबची पिशवी आणि हातात पहाटे उठून काढलेल्या दुधाची बाटली. तिला फक्त फ्रिजमध्ये त्या बाटलीपुरती जागा हवी होती. ती सरळ मिळेल तर शपथ! शेवंतीबाईंच्या फ्रिजमध्ये कोकमाचं आगळ, बांगड्यांचं तिखलं, खवलेल्या नारळाचा डबा, सगळं एकमेकांच्या डोक्यावर बसलेलं. श्रुतिकाने नारळाचा डबा पुढे ओढला आणि त्याच्या मागे तिला ते खोकं दिसलं.

पांढऱ्या पुठ्ठ्याचं खोकं, त्यात अंगठ्याएवढ्या काचेच्या बाटल्या. रबरी बूच, त्यावर पत्र्याची कडी, वर निळी टोपी. सात बंद आणि एक उघडी, तळाशी थोडं पाणी असलेली. अशा बाटल्या ती लॅबमध्ये रोज बघायची. पण इथे, बांगड्यांच्या शेजारी?

तिने एक बाटली उचलून लेबल वाचलं. बॅच नंबर वाचला. पुन्हा वाचला. मग चिऊला आईच्या हातात देऊन ती मधल्या खोलीत गेली.

धाकटा भाऊ कृणाल दोन चादरी घेऊन पडला होता. तेवीस वर्षांचं धिप्पाड पोरगं, पण चादरीतून नाकच तेवढं बाहेर.

"कृण्या, हे काय आहे?"

"गुड मॉर्निंग, ताई."

"गुड मॉर्निंग गेलं खड्ड्यात. हे काय आहे?"

"तुलाच माहीत असेल ना. तूच पास केलंयस." चादरीतून एक हात बाहेर आला, त्याने उशाखालचा मोबाइल काढला आणि एक फोटो तिच्यासमोर धरला. लॅबचा अहवाल. वर लॅबचं नाव, मध्ये एकच उंच टोक असलेला आलेख, त्याखाली ठळक अक्षरात शुद्धता ९९.१ टक्के. आणि उजव्या कोपऱ्यात, खाली, तिची सही.

बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर तिने सही केलेला तो पहिला अहवाल होता. म्हणूनच बॅच नंबर लक्षात राहिला होता.

"जिममध्ये परेश विकतो," कृणाल म्हणाला. "पोरं म्हणाली, डुप्लिकेट माल असतो, घेऊ नको. मग त्याने हा कागद दाखवला. मी खाली बघतो तर काय, श्रुतिका सावंत! मी म्हटलं, अरे, ही तर आपली ताई. बिनधास्त घेतलं. माझं बघून अजून चौघांनी घेतलं."

श्रुतिका पलंगाच्या कडेवर बसली. कृणालला वाटलं की आता लेक्चर सुरू होणार.

"हे बघ, काही स्टेरॉइड वगैरे नाहीये. पेप्टाइड आहे. प्रोटीनचाच तुकडा. लिगामेंट भरून येतं."

"बाटलीवर काय लिहिलंय ते वाचलंस? 'फक्त संशोधनासाठी.' माणसाला टोचायला नाही."

"ते सगळेच लिहितात गं."

"किती दिवस टोचतोयस?"

"नऊ."

"कुठे?"

त्याने चादरीवरूनच उजव्या गुडघ्याकडे बोट केलं. त्या गुडघ्याची कथा घरात सगळ्यांना पाठ होती. तीन महिन्यांपूर्वी कबड्डीत चढाई करताना कोपऱ्यातल्या गड्याने पाय धरला, हा वळला आणि गुडघा वळलाच नाही. आणि पुढच्या रविवारी एका मोठ्या कंपनीच्या कबड्डी संघाची निवड होती. संघात आला तर नोकरी. त्यांचे वडील, धर्मा सावंत, असेच खेळावर मिलमध्ये लागले होते. मिल गेली, वडील गेले, पण मिलच्या बनियनमधला त्यांचा मांडीवर थाप मारतानाचा फोटो अजून कृणालच्या पलंगाच्या वर होता. फोटोखाली झोपायचं म्हणजे काय असतं, ते श्रुतिकाला माहीत होतं.

"आणि हा ताप?"

"वायरल आहे."

"खोटा बोलता," चिऊला खांद्यावर थोपटत आई दारात आली. "रोज राती टोचल्यावर दोन तासान थंडी भरता. सकाळी उतरता. काल मातर उतरूकच नाय. तुका सांगू नको म्हणालो."

"आई, तू पण ना यार!"

श्रुतिकाने त्याच्या कपाळावर हात ठेवला. भाजत होतं.

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल."

"आणि काय सांगू? गुडघ्यात काय टोचलं ते? उद्या मैदानभर होईल. निवडसमितीतले दोघं त्याच डॉक्टरकडे जातात." तो उठून बसला, डोळे लाल. "ताई, तू आधी तुझ्या लॅबमध्ये बघ. माल खराब निघाला तर मी स्वतः जातो, आईशप्पथ. पण तूच पास केलंयस ना? मग कशाला टेन्शन घेतेस?"

*

अंधेरी एमआयडीसीला जाणाऱ्या बसमध्ये पिशवीतल्या बर्फाच्या डब्यात दोन बाटल्या होत्या, एक बंद आणि एक उघडी. श्रुतिका डबा मांडीवर धरून बसली होती. पवईच्या सिग्नलला बस थांबली, तसा तिने तोच हिशोब पुन्हा मांडला. तिने काय तपासलं होतं?

परेश ज्या कंपनीचा माल विकतो, तिने एक बाटली पाठवली होती. एक. अर्जात 'कोणती तपासणी' या रकान्यात लिहिलं होतं, शुद्धता. तिने ती केली. मशीनमधून नमुना गेला, कागदावर एकच टोक आलं, स्वच्छ, उंच. बाटलीत पेप्टाइड म्हणून जे आहे, त्यातलं खरं किती आणि भेसळ किती, एवढं ते मशीन सांगतं. त्या पावडरीत जिवाणू आहेत का, मेलेल्या जिवाणूंचं विष आहे का, हे मशीनला दिसतच नाही. त्याची तपासणी वेगळी. ती कुणी मागितली नव्हती.

अहवालाच्या तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात एक ओळ असते. 'हा निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता व मागितलेल्या तपासणीपुरता मर्यादित आहे.' ती ओळ श्रुतिकाने हजार वेळा छापली होती. कृणालच्या मोबाइलमधल्या फोटोत ती ओळ नव्हती. परेशने फोटो नेमका तिच्या सहीखाली कापला होता.

लॅबमध्ये विद्याधर सर रजिस्टरवर वाकलेले होते. साठीचे, शाईचं पेन वापरणारे, कुणी 'साधारण' हा शब्द वापरला की चष्म्यावरून बघणारे. श्रुतिकाने सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही.

सरांनी पेन खाली ठेवलं. "नमुना कुणाच्या नावाने नोंदवायचा?"

"माझ्या."

"बाटली कुणाची?"

"भावाची."

"मग भावाच्या. अहवाल त्याचा, दाखवायचा कुणाला तेही तो ठरवणार. आणि श्रुतिका, नात्यातला नमुना. तू हात लावायचा नाहीस. खोलीत पण जायचं नाहीस. देवदत्त करेल."

"सर, पण मी नुसती बघत—"

"काचेतून बघ."

देवदत्त म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचा. तोंडाने अखंड चालू, हाताने मात्र देवमाणूस. थेंब इकडचा तिकडे व्हायचा नाही. त्याने दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या.

"उघडीत पाणी कुठलं आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे पावडर कशात विरघळवली त्याने? इंजेक्शनचं पाणी मिळतं ते, की बिसलेरी, की पाणीपुरीचं?"

श्रुतिकाने फोन लावला. आईने उचलला. मागे चिऊ कुठलं तरी भांडं आपटत होती.

"पाणी? ह्येच आपला," आईच्या आवाजात जरा अभिमानच होता. "चिऊच्या बाटल्यो उकळूक ठेवतंय ना, ताच. वीस मिनटा खळखळून उकळतंय. फडक्यान गाळतंय, वाटीत काढून झाकून ठेवतंय. तो राती घेता. मीच सांगितलंय तेका, नळाचा घेव नको, माझा उकळलेला घे."

टेंभीपाड्याला पाणी पहाटे तासभर येतं. मग दिवसभर ते निळ्या पिंपात. पिंप आई दर रविवारी घासते, पण आत हात घातला की कडेला बुळबुळीत लागतंच.

"ऐकतंस ना गो?"

"ऐकतेय आई. चिऊ प्यायली दूध?"

"सगळा प्याली. तू जेव वेळेवर."

तिने फोन ठेवला तेव्हा देवदत्तने विनोद केला नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघून तो फक्त म्हणाला, "चार नळ्या जास्त लावतो. बंद बाटली आपल्या पाण्यात. उघडी जशीच्या तशी. दोन्हीच्या दोन-दोन."

*

ही तपासणी दिसायला अगदी घरगुती. करंगळीएवढ्या काचेच्या नळ्या, अडीचशे डिग्रीवर भाजून काढलेल्या. त्यात नमुन्याचा थेंब आणि एका समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्तापासून केलेलं द्रव्य. मग नळ्या कोमट पाण्याच्या टाकीत बरोबर एक तास. हलवायच्या नाहीत, धक्का लावायचा नाही. तासाने एकेक नळी उचलून सरळ उलटी करायची. आतलं घळघळून खाली आलं, तर नमुना स्वच्छ. वडीसारखं वर चिकटून राहिलं, तर विष आहे. श्रुतिका शिकाऊ होती तेव्हा आईला म्हणायची, "आमच्याकडे दही लागलं की वाईट."

तो तास आज तिला काचेच्या बाहेरून काढायचा होता.

आतापर्यंत ती नेहमी आत असायची. बाहेर बाकड्यावर लोक बसायचे, कुणी फोनवर, कुणी सारखं घड्याळाकडे बघत. अर्धा तास झाला की कुणी तरी उठून विचारायचं, "मॅडम, काही समजलं का?" ती म्हणायची, "वेळ लागतो, बसा." आज ती त्याच बाकड्यावर बसली होती आणि तिला कळलं की 'बसा' हा किती दुष्ट शब्द आहे.

अकराला दूध भरून छाती दुखायला लागली. पंप घेऊन ती जुन्या फायलींच्या खोलीत गेली. एरवी दहा मिनिटांत बाटली भरायची, आज थेंब थेंब. अंगावरचं दूधसुद्धा घाबरलं होतं. समोरच्या कपाटावर वर्षावर्षाचे अहवाल रचलेले. त्यातले तिच्या सहीचे किती? आणि त्यातले किती कुणाच्या मोबाइलमध्ये, खालची ओळ कापून, फिरत होते?

फोन वाजला. आई.

"श्रुती, तेना पाय उघडो केलो." आईचा आवाज आता वेगळा होता. "गुडघ्याच्या बाजूक लाल झालाहा. ताटलीएवढा. हात लावूक देणा नाय."

"त्याला डॉक्टरकडे ने आई. आत्ता. रिक्षा कर."

पलीकडे झटापट झाल्यासारखा आवाज, मग कृणाल. "काय आलं?"

"अजून पंचवीस मिनिटं आहेत. तू डॉक्टरकडे जा."

"येऊ दे ना आधी. पावडर खराब असेल तर जातो म्हटलं ना."

"कृणाल, पू सांध्यात उतरला तर पाय जाईल तुझा! कबड्डी सोड, पायऱ्या चढता येणार नाहीत!"

तो हळूच म्हणाला, "ताई, घाबरवू नको. मी ऑलरेडी घाबरलोय." आणि फोन कापला.

पंचवीस मिनिटं. श्रुतिकाने अर्धी भरलेली दुधाची बाटली बंद केली, नाव लिहिलं, तारीख लिहिली, वेळ लिहिली. सवयच ती. मग काचेशी जाऊन उभी राहिली.

देवदत्तने पहिली नळी उचलली. ही मुद्दाम विष घातलेली, परीक्षा नीट चालली आहे ना ते बघायला. उलटी केली. वडी वरच राहिली. बरोबर. दुसरी, नुसत्या शुद्ध पाण्याची. घळकन खाली. बरोबर.

मग बंद बाटलीची. त्याने नळी उलटी केली आणि आतलं सगळं खाली आलं. त्याच बाटलीची दुसरी नळी. तीही खाली. श्रुतिकाच्या छातीतून श्वास सुटला, एवढा मोठा की काचेवर वाफ आली. माझी सही खोटी नव्हती. माझ्या कागदाने नाही झालं.

आणि लगेच, ती वाफ विरायच्या आत, तिला स्वतःची लाज वाटली. कारण देवदत्तच्या हातात आता उघड्या बाटलीची नळी होती आणि ती उलटी होती. आतलं वर घट्ट चिकटलेलं, आईच्या हातच्या दह्यासारखं.

तो बाहेर आला. हातमोजे काढले. "पावडर साफ. वाट पाण्याने लावलीय."

"उकळलं होतं रे. वीस मिनिटं."

"उकळून जिवाणू मरतात. त्यांचं विष शंभर डिग्रीला मरत नाही, हे मी तुला सांगू? आपण नळ्या अडीचशेला भाजतो त्या काय हौस म्हणून? पोटात गेलं तर काही नाही, पचून जातं. सुईने आत गेलं तर ताप. आणि वर दिवसभर वाटीत राहिलेलं. त्यात नवीन पण वाढले असतील, तो पू त्यांचा." तो थांबला. "तुझ्या चिऊला काही नाही होत त्याने. आधीच सांगतो."

तिने मान हलवली. तिच्या डोक्यात आता दुसरंच चालू झालं होतं. कृणाल हा अहवाल वाचेल. पावडर साफ, असं वाचेल. मेडिकलमधून चांगलं पाणी आणेल आणि उरलेल्या सहा बाटल्या टोचेल. आणि ते चौघंही टोचतील. पुन्हा तिच्याच सहीने नाही, पण तिच्याच लॅबच्या कागदाने.

देवदत्तने ते तिच्या तोंडावरच वाचलं. "सांग ना सरळ, पावडर खराब निघाली. भावालाच सांगायचंय. कोण बघायला येतंय?"

विद्याधर सरांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी अहवालावर सही केली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि पाकीट तिच्या हातात दिलं. "आज परत येऊ नकोस. जा."

*

लिंक रोडवर रिक्षा दर सिग्नलला अडकत होती आणि श्रुतिका ते एकच वाक्य घोळवत होती. पावडर खराब आहे. पावडर खराब निघाली. कृणाल, फेकून दे, पावडर खराब आहे. गांधीनगरपर्यंत वाक्य तोंडात बसलं. खोटं, पण त्याच्या भल्याचं. आईलाही त्यातून सोडवणारं. कुणाचं काय बिघडणार होतं? परेशचं? बिघडू दे.

पायऱ्या चढताना तिला धाप लागली. चाळीसाव्या पायरीला वाक्य अजून तसंच होतं.

कृणाल भिंतीला टेकून बसला होता. पाय लांब पसरलेला, गुडघ्याच्या आतल्या बाजूला लाल, ताणलेलं, चकचकीत. ओठ कोरडे. आई चिऊला घेऊन जमिनीवर.

"सांग," तो म्हणाला. "कागद नको दाखवू. तू सांगशील ते."

तिथेच वाक्य गळून पडलं. नऊ दिवसांपूर्वी त्याने हेच केलं होतं. कागद वाचला नव्हता, ताईचं नाव वाचलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "तूच वाच. मोठ्याने वाच. खालच्या ओळीसकट."

त्याने पाकीट फोडलं. अडखळत वाचलं. बंद बाटली, विष आढळलं नाही. त्याचा चेहरा क्षणभर उजळला. "बघ! मी म्हणत होतो—"

"पुढे."

"उघडी बाटली... आढळलं." त्याने वर बघितलं. "म्हणजे?"

"म्हणजे पाणी. घरचं पाणी होतं त्यात. पिण्याला चांगलं, टोचायला नाही. आता खालची ओळ."

"हा निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता..." तो थांबला.

"एक बाटली साफ निघाली. एक. उरलेल्या सहांचं मला माहीत नाही. आणि ती पावडर तुझ्या गुडघ्याला काय करते, सहा महिन्यांनी काय करेल, हे मोजायचं मशीन माझ्याकडे नाहीच. कुणाकडेच नाही. माझी सही त्याच्यावर नव्हती रे कधी. मी ते आधीच सांगायला—"

ती बोलत होती, पण खोलीत काहीतरी बदललं होतं. आईने चिऊला हळूच चटईवर ठेवलं.

"माझ्या पाण्यान झाला?"

"आई, तसं नाही—"

"तूच म्हणालंस आता. मी वाटीत काढून दिलंय. माझ्या हातान." शेवंतीबाई उठल्या. रडल्या नाहीत. खुंटीवरची पिशवी काढली, फ्रिज उघडला, ते खोकं उचलून पिशवीत टाकलं, अहवालाची घडी करून ब्लाउजात खोचली. "ऊठ. डॉक्टराक मी सांगतंय. माझ्या पाण्यान पोराचो पाय गेलो म्हणून सांगतंय. मैदानभर होऊ दे."

"आई, गप गं."

"ऊठ म्हटलंय ना!"

कृणाल उठला. भिंत धरून, एका पायावर.

*

मुलुंडच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर तरुण मुलगी होती, श्रुतिकापेक्षाही लहान. तिने गुडघा बघितला आणि विचारलं, "कशाने झालं?"

"माझ्या चुकीन," आई पुढे झाली. "मी पाणी—"

"नाही, डॉक्टर." कृणालने आईचा हात धरून तिला मागे ओढलं. "मी टोचलं. नऊ दिवस. जिममधून घेतलं, पेप्टाइड आहे. पाणी मी मागितलं होतं. टोचायला ते चालत नाही हे आईला कुठून कळणार, बाळासाठी उकळते तेच घेत होतो." मग जरा थांबून, "अजून चौघं आहेत. त्यांना पण सांगायला लागेल ना?"

"आज संध्याकाळच्या आत," डॉक्टर म्हणाली.

त्याने तिथेच, झोपल्या झोपल्या, फोन काढला. पहिल्याच फोनला शिव्या खाल्ल्या. त्याने ऐकून घेतल्या. "हसतोय तू, पण मी हॉस्पिटलमध्ये आहे, लवू. थंडी वाजते का तुला रात्री? खरं सांग." मग त्याने दुसऱ्याला फोन लावला.

पू वरचाच होता. काढला. पण सांध्यात उतरला आहे का, ते वरून सांगता येत नव्हतं, म्हणून डॉक्टरने सांध्यातलं पाणी सुईने ओढलं. छोट्या बाटलीत. रबरी बूच. नर्सने फॉर्म आणून श्रुतिकासमोर ठेवला. नाव, वय, नमुना. आणि खाली तो रकाना, कोणती तपासणी.

श्रुतिकाने पेन उचललं नाही. "डॉक्टर, इथे सगळं लिहा. जे जे विचारता येईल ते सगळं. काहीच सुटायला नको."

डॉक्टरने तिच्याकडे बघितलं आणि चार ओळी लिहिल्या. श्रुतिकाने त्या एकेक करून वाचल्या. मग नमुना गेला आणि ती बाकड्यावर जाऊन बसली.

*

रविवारी सकाळी निकाल आला. सांधा स्वच्छ. पाय राहिला. पुढच्या रविवारची निवड मात्र गेली. कृणाल तीन आठवडे तरी उठणार नव्हता. त्याने कागद स्वतः वाचला, खालच्या ओळीपर्यंत, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. तो रडतोय हे दोघींनाही कळत होतं. दोघी स्वयंपाकघरात गेल्या.

पिंप धुऊन पालथं घातलेलं होतं. आज रविवार. ओट्यावर चिऊच्या तीन बाटल्या, त्यांची बुचं, ते मोठं पातेलं. पातेल्यात पाणी भरलेलं होतं, पण गॅस पेटवलेला नव्हता. शेवंतीबाई लायटर हातात घेऊन नुसत्या उभ्या होत्या.

"चिऊच्या बाटल्यो," त्या म्हणाल्या, "आता उकळू की नको गो?"

श्रुतिकाने त्यांच्या हातातला लायटर घेतला नाही. त्यांचा हातच धरला, लायटरसकट, आणि बर्नरपाशी नेला.

"उकळ," ती म्हणाली. "तिच्या पोटासाठी एवढं पुष्कळ आहे."

खट् झालं. निळी ज्योत पातेल्याखाली गोल पसरली. दोघी पाणी उकळायची वाट बघत उभ्या राहिल्या.